डेबिट नोटांची फाइल आधी उघडा

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. पुण्याच्या एका वाहन-सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीसाठी कास्टिंगचं (ओतीव नगांचं) मशिनिंग जॉब वर्कवर करतो. कास्टिंग त्यांचं, मजुरी आमची. २८ माणसं आहेत. गेल्या वर्षी बिलिंग २ कोटी ४० लाख झालं, कराआधी हातात १४ लाख उरले. आता कंपनीने कळवलंय की आयएसओ ९००१ हे गुणवत्ता-व्यवस्थेचं सर्टिफिकेट घ्या, नाहीतर नवीन पार्ट मिळणार नाहीत. एक एजंट १८ हजारांत, दहा दिवसांत, कारखान्यात पाऊल न टाकता सर्टिफिकेट देतो म्हणतो. दुसरे कन्सल्टंट सहा महिने मागतात आणि त्यांची फी, ऑडिटची फी असे तीन वर्षांचे मिळून १ लाख ९० हजार सांगतात. मुलगा एमबीए करून आलाय. त्याचं म्हणणं, आयएसओवाल्या कंपन्यांचा नफा जास्त असतो, तसं संशोधन आहे. थोरले बंधू म्हणतात, शेजारच्या शेडवर आयएसओचा बोर्ड आहे आणि मालक उधारी-उसनवारीवर दिवस काढतोय. खरं कोणाचं मानू? डेबिट नोटा (खराब नगांपोटी कंपनी आमच्याकडून कापून घेते ते पैसे) आम्हालाही येतात, महिन्याला ७०-८० हजारांच्या, पण त्या कुणाला चुकल्यात? आणि घ्यायचंच ठरलं तर व्हिजिटिंग कार्डावर आणि मालाच्या बॉक्सवर छापता येतं का?
— एक उद्योजक (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी रक्कम तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय. महिन्याला सरासरी ७५ हजार धरले तर डेबिट नोटा वर्षाला ९ लाखांच्या होतात. तुमचा वर्षाचा नफा १४ लाख. म्हणजे नफ्याच्या दोन-तृतीयांश रक्कम दरवर्षी पुण्याला परत जातेय आणि आपण चर्चा करतोय १ लाख ९० हजारांची. ते पैसेही तीन वर्षांत विभागून जाणार आहेत. वर्षाला सुमारे ६३ हजार, एका महिन्याच्या डेबिट नोटेहून कमी.

जॉब वर्कमध्ये रिजेक्शन किती महाग पडतं ते एका नगावर बघू. समजा कास्टिंगची किंमत ४२० रुपये आणि तुमची मजुरी ६०. तुमचा नफा बिलिंगच्या ५.८ टक्के आहे, म्हणजे एका नगामागे साडेतीन रुपये. एक नग मशिनवर खराब झाला तर कास्टिंगचे ४२० डेबिट होतात आणि त्यावर वीज, इन्सर्ट (मशिनची कापणारी टोकं), पगार यांचे झालेले साडेछप्पन्न बुडतात. मिळून ४७६ रुपये. ते भरून काढायला १३६ चांगले नग काढावे लागतात. ऑपरेटरला हा आकडा सांगून बघा. 'काळजीपूर्वक काम करा' या पाटीपेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. डेबिट नोटा निम्म्याने उतरल्या तर साडेचार लाख सरळ नफ्यात येतात. एवढाच नफा नवीन कामातून मिळवायचा तर आजच्या टक्केवारीने सुमारे ७७ लाखांचं जादा बिलिंग लागेल. तुमचे सीए म्हणतील की मशिन रिकामी असतील तर जादा कामावर नफ्याचा टक्का जास्त सुटतो, म्हणून ७७ ही रक्कम फुगलेली आहे. बरोबर आहे त्यांचं. ४० लाख धरा हवं तर. तेवढं काम आणायला किती चकरा मारायला लागतील, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

यात डेबिट नोटेबाहेरचा खर्च धरलेलाच नाही. लाइनवर खराब नग सापडला की तुमची दोन माणसं पुण्याला जाऊन अख्खा लॉट निवडत बसतात, त्यांचं भाडं-भत्ता, इकडे त्यांच्या मशिनचं थांबणं, रिवर्कसाठी दुसऱ्यांदा लागलेला सेटअप, घाईने पाठवलेला टेंपो. हे सगळं खात्यात 'प्रवास', 'वाहतूक' आणि 'किरकोळ' या नावांखाली विखुरलेलं असतं, म्हणून दिसत नाही. गेल्या वर्षाची व्हाउचरं काढून मुलाला बसवा. एमबीएचा पहिला उपयोग इथेच होऊ दे.

त्याच्या संशोधनाबद्दल बोलू. तो हवेत बोलत नाहीये. अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या उत्पादक कंपन्यांवरचा चार्ल्स कॉर्बेट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच आयएसओ ९००० (९००१ याच मालिकेतलं) घेणाऱ्या कंपन्यांसमोर त्यांनी त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, पण सर्टिफिकेट न घेतलेल्या कंपन्या ठेवल्या. पुढच्या वर्षांत घेणाऱ्यांची आर्थिक कामगिरी सरस निघाली. याच गटाने आधी मांडलेला तपशील मला जास्त बोलका वाटतो: न घेणाऱ्यांची कामगिरी घसरली आणि घेणाऱ्यांनी ती घसरण टाळली. थोडक्यात, फायदा झाला, पण तो मोठ्या अंशी नुकसान टळण्याच्या रूपात. २०१० मध्ये डेव्हिड लेव्हाइन आणि मायकेल टॉफेल यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे हजार कंपन्या पाहिल्या. तिथेही आयएसओ ९००१ घेतलेल्या कंपन्या जास्त टिकल्या, त्यांची विक्री, नोकऱ्या आणि पगार जास्त वाढले.

आता तुमच्या थोरल्या बंधूंना आवडेल असा अभ्यास. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या ८०० कंपन्या, ४०० सर्टिफिकेटवाल्या आणि ४०० बिगर-सर्टिफिकेटच्या, हेरास, डिक आणि कासादेसुस यांनी तपासल्या. निष्कर्ष २००२ मध्ये आला. सर्टिफिकेटवाल्यांचा नफा खरोखरच जास्त होता. पण सर्टिफिकेट मिळायच्या आधीही तो जास्तच होता, आणि मिळाल्यानंतर विशेष सुधारला असा पुरावा सापडला नाही. मुळात बऱ्या चाललेल्या कंपन्याच सर्टिफिकेट घ्यायला पुढे येतात, असा त्याचा रोख. चिरंजीव कुठल्याही अभ्यासाचा हवाला देतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा की तुलना आधी-नंतरची आहे की नुसती घेतलेल्या-न घेतलेल्यांची.

तुमच्या निर्णयाला खरा उपयोगी पडतो तो अॅन टेर्लाक आणि अँड्र्यू किंग यांचा २००६ चा अभ्यास. अमेरिकी कारखाने सर्टिफिकेटनंतर जास्त वेगाने वाढले, पण ती वाढ कारखान्याच्या आतल्या सुधारणेने समजावता येत नव्हती. आणि जिथे खरेदीदाराला पुरवठादाराची माहिती मिळवणं अवघड, तिथे परिणाम मोठा होता. सर्टिफिकेट अनोळखी गिऱ्हाइकाला तुमची ओळख करून देतं. तुमचं पुण्याचं गिऱ्हाईक तर तुम्हाला पूर्ण ओळखतं, तुमच्या रिजेक्शनचा आकडा त्यांच्या सिस्टिममध्ये दर महिन्याला पडतो. त्यांच्यापुरतं हे सर्टिफिकेट म्हणजे नवीन पार्टच्या चौकशीत बसायची परवानगी. दर एक पैसाही वाढणार नाही, तशी आशा धरू नका. विक्रीच्या बाजूचा फायदा हवा असेल तर सर्टिफिकेट हातात आल्यावर दुसरं, तिसरं गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडावं लागेल. पत्रात एकाच कंपनीचा उल्लेख आहे. मला त्याची आयएसओपेक्षा जास्त काळजी वाटते, पण तो विषय तुम्ही विचारलेला नाही.

शेजारच्या शेडचंही कोडं नाही. आयएसओ ९००१ तुम्हाला विचारतं की गिऱ्हाइकाला काय हवंय ते समजून घेतलंत का, तसं काम होतंय का, चुकलं तर कारण शोधलंत का. तुमचा मजुरीचा दर पुरतो का, बिल किती दिवसांनी वसूल होतं, व्हीएमसी मशिनचा हप्ता झेपतो का, याबद्दल ते तोंड उघडत नाही. या क्षेत्रात एक जुना विनोद आहे: काँक्रीटची लाइफ जॅकेटं बनवणाऱ्यालाही आयएसओ मिळेल, फक्त प्रत्येक जॅकेट ठरल्याप्रमाणे बुडालं पाहिजे. विनोद थोडा अन्यायाचा आहे, कारण गिऱ्हाइकाची गरज हा त्या मानकाचा पायाच आहे. पण शेजारी बुडतोय तो दरामुळे की उधारीमुळे की रिजेक्शनमुळे, हे बोर्डाकडे बघून कळणार नाही.

एजंटचा विषय मात्र दोन मिनिटांत संपवू. आयएसओ ही जिनिव्हातली संस्था मानक लिहिते, सर्टिफिकेट देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्यांची तपासणी करून त्यांना मान्यता देणाऱ्या आणखी वेगळ्या. भारतात हे काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं एनएबीसीबी हे मंडळ करतं. किती माणसांच्या कारखान्याला किती दिवसांचं ऑडिट लागतं याचा आंतरराष्ट्रीय तक्ता ठरलेला आहे. २६ ते ४५ माणसांना पहिल्या ऑडिटसाठी चार ऑडिटर-दिवस. काम साधं असेल तर कारण नोंदवून ३० टक्क्यांपर्यंत कमी करता येतात. पुढे दरवर्षी सर्व्हेलन्स, म्हणजे देखरेखीचं, ऑडिट आणि तीन वर्षांनी पुन्हा पूर्ण ऑडिट. शिवाय जी संस्था सर्टिफिकेट देते तिला त्याच मानकाची कन्सल्टन्सी करायला मनाई आहे. आता तुमच्या एजंटला या चाळणीतून काढा. कारखान्यात न येता, दहा दिवसांत, सल्ला आणि सर्टिफिकेट एकाच खिडकीवर.

नैतिकता घडीभर बाजूला ठेवू, व्यवहारातही ते १८ हजार फुकट जातील. तुमचं गिऱ्हाईक वाहन उद्योगातलं आहे, म्हणजे बहुतेक त्यांच्याकडे आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक असणार. त्या मानकात पुरवठादारांना हळूहळू वर न्यायची अट आहे आणि तिथे जे आयएसओ ९००१ चालतं ते मान्यताप्राप्त संस्थेचंच. त्यांच्या ऑडिटमध्ये तुमचा कागद निघाला आणि त्यावर मान्यतेची खूण नसली तर त्यांना शेरा बसेल आणि तुम्हाला पत्र येईल. म्हणून कुणालाही पैसे देण्याआधी त्यांच्या सप्लायर क्वालिटीच्या माणसाला ईमेल करा: कोणतं मानक, कोणती मान्यता, कोणत्या तारखेपर्यंत. उत्तर लेखी घ्या. पुढे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव एनएबीसीबीच्या संकेतस्थळावर तपासा. परदेशी मान्यता असेल तर आयएएफच्या (मान्यता देणाऱ्या मंडळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) सर्टसर्च यादीत बघा.

दुसऱ्या कन्सल्टंटला भेटा, पण कपाट भरून फायली देणार असतील तर सावध व्हा. मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने क्वालिटी मॅन्युअलची सक्ती काढली, मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह (या कामासाठी व्यवस्थापनाचा खास प्रतिनिधी) नेमायची सक्तीही काढली. तरी दुसऱ्याच्या कारखान्याचं मॅन्युअल नाव बदलून विकायचा धंदा जोरात आहे. मी एका ठिकाणी प्लॅस्टिक मोल्डिंगच्या युनिटमध्ये फोर्जिंग हॅमरच्या देखभालीची कार्यपद्धती वाचलीय, सहीशिक्क्यासह. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात रात्री बसून वर्षभराची रजिस्टरं एकाच पेनाने भरली जातात तो प्रकार तुम्हीही पाहिला असेल. त्यातून खर्च वाढतो, रिजेक्शन तेवढंच राहतं, आणि मग बंधूंचं म्हणणं खरं ठरतं.

तुमच्यासारख्या शॉपला या मानकातून रोकडा पैसा कुठे मिळतो ते सांगतो. तुम्ही रोज बोलता ते सीआर आणि एमआर. कास्टिंग रिजेक्शन आणि मशिनिंग रिजेक्शन. बोअर (नगातलं गोल भोक) फिरवल्यावर आत ब्लो होल (ओतताना राहिलेली पोकळी) उघडं पडलं, तर दोष फाउंड्रीचा, म्हणजे कास्टिंग ओतणाऱ्याचा. बोअर मोठा झाला, तर तुमचा. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात दिवसाअखेरीस दोन्ही नग एकाच क्रेटमध्ये पडतात, आठवड्याने पुण्याला जातात, तिथला माणूस बघतो, ब्लो होलवाल्या नगाचं मापही जरा बाहेर असतं, आणि तो एमआरमध्ये टाकतो. तुमच्याकडे सांगायला काही नसतं. हीट नंबर (कास्टिंग कोणत्या ओतकामातलं त्याचा नंबर) वाचलेला नाही, कोणत्या ऑपरेशननंतर दोष दिसला याची नोंद नाही, फोटो नाही. माझा अंदाज आहे की तुमच्या ९ लाखांतला काही हिस्सा मुळात तुमचा नाहीच. किती, ते तुमच्या नोंदीच सांगतील. आज त्या नाहीत, हीच तर अडचण.

मानकाची तीन कलमं नेमकी इथे बसतात. ८.५.२ म्हणजे नग ओळखता येणं आणि त्याचा माग काढता येणं. ८.५.३ म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालमत्तेची काळजी. तुमच्या बाबतीत ती मालमत्ता म्हणजे प्रत्येक कास्टिंग. ८.७ म्हणजे नापास माल वेगळा ठेवून त्याचं काय करायचं ते ठरवणं. कारखान्याच्या भाषेत: लाल क्रेट दोन, एकावर सीआर, एकावर एमआर. दोष दिसला त्याच मशिनजवळ नगावर मार्करने ऑपरेशन नंबर आणि तारीख. हीट नंबर रजिस्टरमध्ये. सीआर वाटणाऱ्या प्रत्येक नगाचा मोबाइलवर फोटो, त्याच दिवशी पुण्याच्या ग्रुपवर. आणि दर आठवड्याला गिऱ्हाइकाच्या माणसाची सही घेऊन वाटणी. यासाठी सर्टिफिकेट लागत नाही, उद्या सकाळी सुरू करता येतं.

उरलेल्या खऱ्या एमआरचं कारण शोधायला तीन महिने एकच तक्ता ठेवा: तारीख, पाळी, मशिन, ऑपरेशन, दोष. मला दिसतात ती कारणं बहुधा साधीच असतात. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट (मशिनला द्यायची मापाची दुरुस्ती) चुकीचा टाकला. नग टेकतो त्या लोकेटिंग पॅडवर बुरा राहिला आणि नग तिरका बसला. पाळी बदलताना पहिला नग तपासायचा राहिला. बोअर गेज कधी कॅलिब्रेट झाला (त्याची अचूकता कधी तपासली) ते कुणालाच आठवत नाही. तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवायचा खर्च एका खराब लॉटपुढे काहीच नाही. तक्त्यात दोन-तीन कारणांतच बहुतेक नग सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

हे तीन महिने होईपर्यंत कन्सल्टंटची फी ठरवू नका असं सांगायचा मोह होतोय, पण गिऱ्हाइकाने मुदत दिली असेल तर तेवढा वेळ नसेल. मग दोन्ही बरोबर चालवा, फक्त कन्सल्टंटला पहिल्याच दिवशी तुमचा तक्ता आणि डेबिट नोटांची फाइल दाखवा. त्यांनी ती फाइल बाजूला सारून 'आधी क्वालिटी पॉलिसीची फ्रेम लावू' म्हटलं तर तिसरा माणूस शोधा. खर्च लिहिताना १ लाख ९० हजारांवर कॅलिब्रेशन आणि एका माणसाचा रोजचा तास-दोन तास वेळ हेही धरा. तो वेळ कुणाचा, हे आधीच ठरवा. मालकाने 'मुलगा बघेल' म्हणून हात झटकले की ऑपरेटरला लगेच कळतं.

लहान उद्योगांच्या गुणवत्तेसाठी केंद्र सरकारची झेड (ZED) योजना आहे, कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्यांची. तिच्यात सूक्ष्म उद्योगांना सर्टिफिकेटच्या फीवर ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के सवलत ठेवली होती. उद्यम नोंदणी घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात सध्याची स्थिती विचारा. तिचा उपयोग सवय लागायला होतो, पण गिऱ्हाइकाने आयएसओ ९००१ मागितलंय तिथे झेडचा कागद चालणार नाही.

एकूण माझं मत: घ्या, मान्यताप्राप्त संस्थेकडूनच घ्या. बँकेला किंवा घरी 'यामुळे नफा वाढणार' असं सांगू नका. एक वर्षाने मोजायचे आकडे आजच लिहून ठेवा: दर हजारी एमआर, डेबिट नोटांची रक्कम, पुण्याला निवडायला गेलेल्या माणसांचे दिवस, आणि नव्या गिऱ्हाइकांकडून आलेल्या चौकश्या. पहिल्या तिन्हीत घट नसेल आणि चौथ्यात भर नसेल, तर दुसऱ्या वर्षीच्या सर्व्हेलन्स ऑडिटचे पैसे भरताना बंधूंना बोलवा आणि पुन्हा विचार करा.

कार्डाचं विचारलंत. कार्डावर, लेटरहेडवर 'आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणित' असं आवृत्तीसकट लिहा. आयएसओचं बोधचिन्ह वापरायची परवानगी सर्टिफिकेट घेणाऱ्या कुणालाच नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची खूण कशी वापरायची याची त्यांची नियमावली मागून घ्या. ती खूण नगावर किंवा मालाच्या बॉक्सवर छापायची नाही, कारण प्रमाणित झाली ती तुमची कामाची पद्धत, नग नव्हे. तसंही ते बॉक्स पुण्याच्या कंपनीचेच असतील.